मावठ्याचा वारा आणि एकाकी सायकलस्वार

विदर्भांत पौष महिना म्हणजे वर्षांतला प्रसन्न काळ. आकाश निरभ्र असतें, उन्हांत मऊपणा असतो, शेतांतून कापसाची वेचणी चालू असते, तूर शेंगांनीं लवलेली असते आणि हरभरा घाट्यांवर येत असतो. अशा दिवसांत कोणी सायकल घेऊन दूरच्या प्रवासाचा बेत केला, तर त्याला वेड्यांत काढणारा क्वचितच भेटेल. परंतु याच पौषांत एखादे दिवशीं सकाळींच आभाळावर करडी झाक येते, वारा आपली नेहमींची दिशा सोडतो आणि तिसऱ्या प्रहरापर्यंत थंड, तिरपा पाऊस येऊन ठेपतो. शेतकरी त्याला मावठा म्हणतो. घरांत बसलेल्या मनुष्याला हा पाऊस फार तर चहाचा एक पेला अधिक मागावयास लावतो. परंतु उघड्या सडकेवर दोन चाकांवरून एकट्यानें निघालेल्या मनुष्याची तो खरीखुरी परीक्षा घेतो. ही परीक्षा कशाची असते, आणि तींत उत्तीर्ण होणें म्हणजे नेमकें काय, हें समजून घेण्यास हिंगणघाटची वाट मोठी सोयीची आहे.

हिंगणघाट हें वर्धा जिल्ह्यांतील वणा नदीच्या कांठचें गांव कापसासाठीं नांवाजलेलें आहे. एकोणिसाव्या शतकांत इकडच्या बनी जातीच्या कापसानें 'हिंगणघाट' हें नांव परदेशच्या बाजारांत नेऊन पोंचविलें. परंतु सायकलस्वाराच्या दृष्टीनें या गांवाचें महत्त्व निराळेंच आहे. श्रीनगरपासून कन्याकुमारीपर्यंत जाणारा, साडेतीन हजार किलोमीटरांहून अधिक लांबीचा राष्ट्रीय महामार्ग या गांवाजवळून जातो. २०१० सालीं महामार्गांचे क्रमांक बदलले, तेव्हां त्याला ४४ हा क्रमांक मिळाला; त्यापूर्वीं इकडचा भाग ७ या क्रमांकानें ओळखला जाई. नागपूर, बुटीबोरी, जाम, हिंगणघाट, वडनेर, वडकी, पांढरकवडा अशीं गांवें घेत हा रस्ता पैनगंगा ओलांडतो व तेलंगणांत उतरतो. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत या महामार्गानें जावयाचें ज्याच्या मनांत येतें, त्याचीं चाकें हिंगणघाटच्या शिवारांतून गेल्यावांचून राहत नाहींत.

या वाटेनें एकट्यानें निघालेला एखादा प्रवासी डोळ्यांपुढें आणावा. तो सकाळीं सात वाजतां नागपूर सोडतो. हिवाळ्यांतला नेहमींचा वारा उत्तरेकडचा. प्रवासी दक्षिणेकडे चाललेला. अर्थात् वारा त्याच्या पाठीशीं आहे. ताशीं पंचवीस किलोमीटरांची गति त्याला सहज साधते, आणि सुमारें ७५ किलोमीटरांचें अंतर तोडून दहाच्या सुमारास तो हिंगणघाटास पोंचतो. अंगांत उत्साह आहे, पाय थकलेले नाहींत. येथेंच त्याच्या मनांत घातक विचार डोकावतो : आणखी तेवढेंच अंतर पुढें गेलें, कीं पांढरकवडा!

पाठीचा वारा हा मोठा लबाड मित्र आहे. तो मदत करतो, पण केली असें सांगत नाहीं. प्रवाशाला वाटतें कीं, आज आपले पायच बळकट झाले आहेत. खरें पाहतां हवेचा विरोध हा हवेच्या सापेक्ष वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. समजा, प्रवासी ताशीं २० किलोमीटर चालला आहे आणि वारा ताशीं १५ किलोमीटर वाहत आहे. वारा पाठीशीं असेल, तर त्याच्या अंगावर येणाऱ्या हवेचा वेग अवघा ५ किलोमीटर राहतो, आणि विरोध निवांत दिवसाच्या सोळाव्या हिश्शावर येतो. तोच वारा समोरून आला, कीं हा वेग ३५ किलोमीटर होतो, आणि विरोध निवांत दिवसाच्या तिपटीहून थोडा अधिक भरतो. वारा तोच, रस्ता तोच, पाय तेच. बदललें तें फक्त तोंड.

परतीच्या वेळीं ताशीं बारा किलोमीटर पडले, तरी पुष्कळ झालें असें म्हणण्याची पाळी येते. हिंगणघाटाहून दहा वाजतां मागें वळल्यास सव्वाचारपर्यंत, म्हणजे दिवसाउजेडीं, घर गांठतां येतें. परंतु एक वाजतां पांढरकवड्यास पोंचून तेथून दीडशें किलोमीटर परत यावयाचें म्हटलें, तर साडेबारा तास लागतील, आणि नागपूरचे दिवे दिसतील ते मध्यरात्रीनंतर दीड वाजतां. हा हिशेब पाटीवर मांडला, तर शाळेंतलें पोरही सोडवील. दहा वाजतां, कोंवळ्या उन्हांत, पाठीवर वाऱ्याचा हात असतांना मात्र तो मांडण्याची बुद्धि फार थोड्यांना होते.

आणि हा हिशेब कोरड्या दिवसाचा झाला. मावठ्याच्या दिवशीं भूमध्य समुद्राकडून पूर्वेकडे सरकणारा पश्चिमी विक्षोभ थंड हवा घेऊन येतो, बंगालच्या उपसागरावरून बाष्पानें भरलेला वारा त्याच्या भेटीस जातो, आणि त्या दोहोंच्या गांठीखालीं विदर्भ सांपडतो. मग ढग जमतात, गडगडाट होतो, केव्हां केव्हां गाराही पडतात. २०१४ सालच्या फेब्रुवारी-मार्चमध्यें अशाच गारपिटीनें महाराष्ट्रांतल्या उभ्या पिकांची धूळधाण केली होती. पाऊस ओसरला, कीं उत्तरेचा वारा पुन्हां वाहूं लागतो, आणि तो पूर्वींपेक्षां अधिक थंड असतो. म्हणजे घराकडे तोंड केलेल्या प्रवाशाच्या भिजलेल्या छातीवर तो नेमका येऊन आदळतो.

पावसाच्या पहिल्या सरी विशेष धोक्याच्या. अनेक दिवसांच्या धुळीवर आणि वाहनांतून गळलेल्या तेलावर पाणी पडलें, कीं डांबरी रस्त्यावर बुळबुळीत थर तयार होतो. त्यावर मारलेले पांढरे पट्टे तर अधिकच निसरडे. चाकाच्या कडेवर आवळणारे ब्रेक ओले झाले, कीं त्यांची पकड उशिरां बसते. मालमोटार शेजारून गेली, कीं तिच्या पुढची हवा प्रथम बाहेर ढकलते आणि मागची पोकळी लागलीच आंत ओढते. जवळ माणूस असता, तर त्यानें मागून हांक देऊन सावध केलें असतें. एकट्याला स्वतःचेच कान पुरवावे लागतात, आणि ते कान वाऱ्यानें भरलेले असतात. घाबरून रस्त्याच्या खालीं उतरावें, तर तेथें काळी माती वाट पाहत असते. कापसाला पोसणारी ही माती ओली झाली, कीं चाकाला धरून बसते. चार फेऱ्यांत चिखल पंख्यांत गच्च भरतो आणि चाक फिरेनासें होतें.

तथापि रस्त्यापेक्षांही सूक्ष्म शत्रु थंडी हा आहे. विदर्भासारख्या उष्ण मुलुखांत थंडीनें मनुष्याच्या जिवाला अपाय होईल, ही कल्पना पुष्कळांना हास्यास्पद वाटते. पण त्यासाठीं बर्फ पडावें लागत नाहीं. पाणी हें हवेपेक्षां सुमारें पंचवीस पट वेगानें उष्णता ओढून नेतें. दहा-बारा अंशांची हवा, ओले कपडे, जोराचा वारा आणि रिकामें पोट एवढ्या गोष्टी एकत्र आल्या, तर तेवढें पुरे. शरीराच्या आंतली उष्णता साधारणतः ३७ अंश असते. ती ३५ च्या खालीं उतरली, कीं वैद्यकाच्या दृष्टीनें धोक्याची मर्यादा ओलांडली गेली. प्रथम हुडहुडी भरते. मग बोटें ऐकत नाहींत. साधी गुंडी लावतां येत नाहीं. जीभ अडखळते. त्यानंतर कधीं कधीं हुडहुडी थांबते, आणि प्रवाशाला वाटतें कीं आतां बरें वाटूं लागलें. वस्तुतः ती सर्वांत वाईट खूण होय. या आजाराचें क्रौर्य असें कीं, तो जो निर्णय तांतडीनें करावयास हवा, तो करणारी बुद्धीच आधीं मंद करतो. सोबती असला, तर तो अडखळती जीभ ओळखतो. एकट्याला ती ओळखूं येत नाहीं, कारण त्याच्याशीं बोलणारेंच कोणी नसतें.

म्हणून एकट्यानें जाणाऱ्यानें आपले नियम घरीं, कोरड्या अंगानें आणि शांत डोक्यानें ठरवून ठेवावे लागतात. अमुक वाजेपर्यंत अमुक गांव आलें नाहीं, तर वळावयाचें. गुंडी लागेनाशी झाली, कीं पहिल्या छपराखालीं थांबावयाचें. थांबल्यावर वाऱ्याच्या आडोशाला जावें, ओले कपडे उतरावे, कोरडें पांघरूण घ्यावें, गोड ऊन चहा प्यावा. हातपाय जोरानें चोळूं नयेत आणि मद्याच्या वाटेस जाऊं नये. मद्यानें ऊब आल्यासारखें वाटतें, परंतु शरीराची उष्णता उलट बाहेर जाते. खिशांत गूळ आणि शेंगदाणे असावेत, कारण हुडहुडीसुद्धां शरीरांतलें इंधनच जाळीत असते. आणि अंगाशीं सुती कपडा नसावा. कापसाच्या गांवांत हें सांगणें विचित्र वाटेल. पण सूत पाणी पितें आणि सोडीत नाहीं, तर लोंकर ओली झाली तरी थोडीबहुत ऊब राखते. धनगर आपलें घोंगडें पावसाळ्यांतही खांद्यावरून उतरवीत नाहीं, यांत त्याच्या पिढ्यांचें शहाणपण आहे.

अशा प्रवासाचें वेड आजचें नव्हे. १९२३ सालीं मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रवासास निघाले. त्यांपैकीं आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगरा हे तिघे १९२८ सालीं फेरी पूर्ण करून परतले. १९२४ सालीं फ्रामरोझ दावर हा मुंबईकर तर एकटाच निघाला. व्हिएन्ना येथें गुस्ताव स्तावयानिक हा जोडीदार त्याला मिळाला आणि पुढचा प्रवास दोघांनीं केला. अलीकडच्या काळांत नागपूरचे डॉक्टर अमित समर्थ यांनीं २०१७ सालीं अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंतची सुमारें ४,८०० किलोमीटरांची शर्यत एकेरी गटांत मुदतीच्या आंत पुरी केली, आणि २०१८ सालीं मॉस्कोपासून व्लाडिव्होस्टॉकपर्यंत नऊ हजारांवर किलोमीटर सायकल चालविली. अशा शर्यतींत स्वाराच्या पाठीशीं मदतनीसांची गाडी असते. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी हिची कथा त्याहून निराळी. १९ वर्षांची ही विद्यार्थिनी जुलै २०१८ मध्यें ऑस्ट्रेलियांतील पर्थहून निघाली, आणि १५९ दिवसांत १४ देशांतून सुमारें २९,००० किलोमीटर चालून डिसेंबरांत कोलकात्यास पोंचली. यांतला बहुतेक मार्ग तिनें एकटीनें, आपलें सामान आपणच वाहून, आक्रमिला. व्हिसाच्या अडचणींत दिवस गेल्यामुळें युरोपचा हिवाळा तिला टाळतां आला नाहीं. स्पेनमध्यें चोरट्यांनीं तिला लुटलें. रशियांत बर्फांत एकटीला तंबू ठोकून राहावें लागलें. या सर्वांत विशेष तें हें कीं, ती दररोज कोठें थांबावयाचें हें ठरवीत गेली. एक दिवसही तो निर्णय चुकला असता, तर १५९ वा दिवस उगवला नसता.

लांबच्या प्रवासाचें रहस्य असें थांबण्यांत आहे. चालत राहणें हें पायांचें काम. थांबणें हें चारित्र्याचें. मागें फिरणाऱ्याला कोणी हार घालीत नाहीं, त्याचें नांव वृत्तपत्रांत येत नाहीं, आणि आपण वळलों नसतों तर काय झालें असतें याचा पुरावाही त्याच्या हातीं कधीं लागत नाहीं. म्हणूनच तो निर्णय कठीण.

रस्त्याच्या दोहों बाजूंस जें घडत असतें, तिकडेही प्रवाशाची दृष्टि जावी. त्याच तिरप्या पावसांत शेतकऱ्याचा फुटलेला कापूस झाडावरच भिजत असतो. त्याचा पांढरेपणा जातो, कवडी होते, ओलावा वाढतो; आणि हमीभावाच्या खरेदींत बारा टक्क्यांहून अधिक ओलावा असलेला कापूस घेतला जात नाहीं. ढगाळ हवेंत हरभऱ्यावर आणि तुरीवर घाटेअळी पडते. सायकलस्वार स्वेच्छेनें या पावसांत आला आहे, आणि तो वळूं शकतो. शेतकऱ्याला वळावयास वाट नाहीं. त्याचें पीक जागेवरच उभें राहून सर्व सोसतें. एवढें ध्यानांत आलें, तर आपल्या कष्टांचा गर्व बराचसा उतरतो, आणि वडनेरच्या किंवा जामच्या एखाद्या टपरीवर थांबण्यांत कमीपणा वाटत नाहीं.

हिंगणघाटास एका परदेशी प्रवाशाची समाधि आहे. १८०२ सालीं मद्रासजवळ पायाभूत रेषा मोजून विल्यम लॅम्ब्टन यानें हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीस आरंभ केला. दक्षिणेच्या टोंकापासून उत्तरेकडे, अर्ध्या टनाचें यंत्र बरोबर घेऊन, तो वीस वर्षें सरकत राहिला. उतारवयांत हैदराबादेहून नागपुराकडे जात असतां २० जानेवारी १८२३ रोजीं, ऐन हिवाळ्यांत, हिंगणघाट येथें त्याला मृत्यूनें गांठलें. नागपूर कांहीं मजलांवर राहिलें होतें. त्याचें काम मात्र थांबलें नाहीं. जॉर्ज एव्हरेस्ट यानें तें हातीं घेतलें आणि ती रेषा हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली.

एकट्या सायकलस्वाराचें तसें नसतें. त्याची राहिलेली वाट दुसरा कोणी पुरी करीत नाहीं, आणि त्याच्या घरचें दार त्याच्यावांचून दुसऱ्या कोणासाठीं त्या रात्रीं उघडें राहिलेलें नसतें. पांढरकवडा उद्यांही जागेवर असेल. भिजलेल्या बोटांनीं हिंगणघाटच्या पुलाजवळ ज्यानें सायकलचें तोंड वेळेवर फिरविलें, त्यानें पाऊणशें किलोमीटर कमी केले असतील; पण दिवा लागतांना तो घरीं पोंचला, आणि पुढच्या निरभ्र सकाळीं पुन्हां निघावयास मोकळा राहिला.