धुतलेल्या मालमोटारीची वीज कां बिघडते?

दसऱ्याच्या आदल्या दिवशीं, खंडेनवमीस, नाशकांत आडगांव नाक्याच्या बाजूस मालमोटारी धुण्याची एकच गर्दी उडते. चाकांपासून टपापर्यंत पाण्याचा फवारा फिरतो, इंजिनावरील चिखल निघून जातो, झेंडूच्या माळा चढतात. आणि दुसऱ्या दिवशीं पिंपळगांव बसवंतचा टोमॅटो भरून मुंबईस निघावयाचें, तों एखादी गाडी सुरूच होत नाहीं. झाली तर कसारा घाटाच्या तोंडाशीं बंद पडते. माल नाशवंत, भाडें ठरलेलें. अशा वेळीं घाईनें एखादा महागडा भाग बदलला जातो आणि दोष मात्र तसाच राहतो.

जुन्या डिझेल इंजिनास एकदां चालूं झाल्यावर विजेची गरज जवळजवळ नसे. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनें इंधन पेटे. आजही तें तसेंच पेटतें. परंतु केव्हां व किती सोडावयाचें हें आतां संगणक ठरवितो. भारतांत १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांच्या ट्रकांत तर सेन्सरांचें जाळेंच असतें. त्यांतील पुष्कळसे अवघ्या ५ व्होल्टांवर चालतात. शुद्ध पाणी विजेचें फारसें वाहक नव्हे. पण साबण, चिखल आणि क्षार मिसळलेलें पाणी वाहक होतें, आणि त्याचे चार थेंब संगणकास खोटी बातमी देऊं शकतात.

इंजिन गरम असतांना धुतलें कीं धोका वाढतो. तारांच्या जोडांतील, म्हणजे कनेक्टरांतील, हवा एकाएकीं थंड होऊन आकुंचन पावते आणि झिजलेल्या रबरी सीलमधून पाणी आंत ओढून घेते.

म्हणून तपासणीचा क्रम ठरलेला असावा. प्रथम चावी बंद करून बॅटरीची ऋण तार सोडावी. ज्या बाजूस फवारा लागला तेथील कनेक्टर उघडून पाहावे. आंत ओल, हिरवट गंज किंवा वांकलेली पिन आहे काय तें पाहून मंद हवेनें कोरडे करावे. मग तार जोडून व्होल्ट मोजावेत: २४ व्होल्टांच्या गाडींत भरलेल्या दोन बॅटऱ्यांवर सुमारें २५, आणि इंजिन चालूं असतां सुमारें २८. नंतर अर्थिंग. स्टार्टर फिरत असतां बॅटरीचें ऋण टोक व इंजिनाचा धातु यांमध्यें अर्ध्या व्होल्टाहून अधिक फरक दिसला, तर ती जोडणी घासून आवळावी. फ्यूज उडाला असेल तर त्याच मापाचा घालावा. मोठा घातल्यास फ्यूजऐवजीं तार जळते.

यानंतरच स्कॅनर लावावा. त्यावर उमटणारा आंकडा कोणत्या परिपथांत बिघाड आहे एवढेंच सांगतो. क्रँकशाफ्टच्या सेन्सरचें नांव आलें, तरी आधीं त्याचा जोड व तार तपासावी. सेन्सर बदलणें हा शेवटचा उपाय.

उन्हांत वाळून गाडी सुरू झाली म्हणजे काम संपलें, असेंही नव्हे. आंत राहिलेली ओल कांहीं आठवड्यांनीं पिना गंजविते, आणि मग घाटांत, भर रात्रीं, कारण नसल्यासारखी गाडी अडते. त्यापेक्षां इंजिन थंड होऊं द्यावें. अल्टरनेटर, फ्यूजपेटी व संगणकाची पेटी प्लास्टिकनें झांकावी. जोरदार फवारा कनेक्टरांवर धरूं नये. आणि धुण्यास लागला तेवढाच वेळ पुसण्यास द्यावा.