सांध्यातील पाणी : सूज एक, कारणे अनेक

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजित आरोग्य मेळाव्यात केलेले भाषण)





आरोग्याच्या विषयावर बोलण्यास येथे वास्तविक एखादा वैद्यकतज्ज्ञ उभा असावयास हवा होता. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि चाळीस वर्षे कापडाच्या गादीवर मांडी घालून बसलेला व्यापारी. तथापि ‘स्वतःच्या अनुभवावर बोला’ असा विश्वस्तांचा आग्रह झाला, आणि या विषयाचे दोन अनुभव माझ्या पदरी आहेत. एक समाधानाचा, दुसरा पश्चात्तापाचा. दोन्ही आपणांसमोर प्रांजळपणे मांडतो. त्यातील वैद्यकीय भाग डॉक्टरांना पुनःपुन्हा विचारून समजून घेतलेला आहे.

२०१४ च्या हिवाळ्यात आम्ही सहकुटुंब सम्मेदशिखरजीच्या यात्रेस गेलो होतो. पर्वताची वंदना सुमारे २७ किलोमीटरची. उतरताना माझ्या उजव्या गुडघ्यात कळ आली व दुसऱ्या दिवशी गुडघा टम्म फुगला. घरी परतल्यावर तीन आठवडे तेल, शेक, लेप असे सर्व काही झाले. जो भेटेल तो एकच सांगे, ‘गुडघ्यात पाणी झाले आहे, पण ते काढू नका, एकदा काढले की सारखे काढावे लागते.’ अखेर अस्थिरोगतज्ज्ञांनी सुईने सुमारे ४० मिलिलिटर पाणी काढले. ते पिवळसर व नितळ होते. तपासणीत जंतू नव्हते, स्फटिकही नव्हते. वयोमानाने झालेली सांध्याची झीज आणि त्यावर पडलेला उतरणीचा ताण, असे निदान झाले.

हे पाणी येते कोठून? निरोगी गुडघ्यातही थोडे द्रव असतेच. मात्र ते चहाच्या चमच्याहून कमी. सांध्याचे आतील अस्तर ते तयार करते. हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. तिचे वंगणही हेच द्रव आणि पोषणही त्यातूनच. म्हणजे पाणी हा शत्रू नव्हे. अस्तराला काही कारणाने दाह झाला, की ते प्रमाणाबाहेर द्रव निर्माण करते आणि सूज दिसते. पाणी काढल्याने पाणी होत नाही. मूळ कारण शिल्लक राहिल्यामुळे ते पुन्हा होते. छप्पर गळत असताना घमेले रिकामे केले, तर ते पुन्हा भरणारच. त्यात घमेले रिकामे करणाऱ्याचा काय दोष?

गुडघ्याची सूज आपल्या पूर्वजांनाही चांगली परिचित होती. सुश्रुतसंहितेत तिला ‘क्रोष्टुकशीर्ष’, म्हणजे कोल्ह्याचे डोके, असे नाव आहे. फुगलेला गुडघा आणि वरखाली बारीक झालेला पाय ज्याने पाहिला आहे, त्याला ही उपमा तत्काळ पटेल. सांध्यात पाणी साचले की मांडीचा पुढील स्नायू ढिला पडून रोडावत जातो, असे आजचे वैद्यकशास्त्रही सांगते.

आता कारणांकडे वळू. कापडाच्या धंद्यात डाग ओळखणे फार महत्त्वाचे. तेलाचा, गंजाचा व बुरशीचा डाग दुरून सारखेच दिसतात. पण एकाचा उपाय दुसऱ्यास केला, तर डाग पक्का होतो आणि तागा वाया जातो. सांध्याच्या सुजेचेही तसेच आहे. झिजेची सूज सावकाश येते व श्रमाने वाढते. पडल्यानंतर दोन-चार तासांतच गुडघा फुगला, तर आत रक्त साचले असण्याचा, म्हणजे अस्थिबंध तुटल्याचा किंवा हाड मोडल्याचा संभव असतो. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील, तर किरकोळ मारही पुरतो. संधिवातात, ज्यास आमवात म्हणतात त्यात, दोन्ही हातांचे लहान सांधे सुजतात आणि सकाळचा ताठरपणा तासभर वा अधिक टिकतो. युरिक ॲसिडचे स्फटिक सांध्यात साचून होणारा गाऊट बहुधा रात्री अकस्मात येतो. पायाच्या अंगठ्याचा सांधा हे त्याचे आवडते ठिकाण. ऐन दुखण्यात रक्तातील युरिक ॲसिड प्रसंगी प्रमाणात आढळते, म्हणून केवळ त्या एका अहवालावर विसंबता येत नाही. २००६ साली महाराष्ट्रात चिकुनगुन्याची मोठी साथ आली होती. तापानंतर महिनोन्‌महिने सांधे धरून बसलेली माणसे आपण पाहिली आहेत. एकच सांधा अनेक आठवडे सुजलेला राहिला, तर आपल्या देशात क्षयरोगाचाही विचार करावा लागतो. आणि सर्वांत धोक्याचे कारण म्हणजे जंतुसंसर्ग.

येथे मला दुसरा अनुभव सांगावयाचा आहे.

२०१७ ची दिवाळी तोंडावर आली होती. आमचे थोरले बंधू, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, यांना मधुमेह आहे. नव्या चपलेने त्यांच्या पायास लहानशी जखम झाली होती. एके सायंकाळी त्यांचा गुडघा सुजला. तो लाल व गरम होता आणि अंगात थंडी वाजून ताप होता. वहिनी म्हणाल्या, ‘आजच दाखवून येऊ.’ दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. मी माझ्या गुडघ्याच्या अनुभवाने शहाणा झालेलो. मी म्हणालो, ‘अण्णा, मलाही हेच झाले होते. पाणी आहे. शेक द्या, पाडवा झाला की जाऊ.’ अण्णांनी माझा शब्द मानला. तिसऱ्या दिवशी त्यांना पाऊल टेकवेना. रुग्णालयात सुईने जे बाहेर आले ते गढूळ व पुवासारखे होते. जखमेतून शिरलेले जंतू रक्तावाटे सांध्यात पोहोचले होते. त्याच रात्री दुर्बिणीतून सांधा धुऊन काढला. पुढे सहा आठवडे प्रतिजैविके चालली. प्राण वाचले, परंतु असा पू काही दिवसांतच कूर्चा खाऊन टाकतो. अण्णांचा गुडघा आज अर्ध्यापेक्षा अधिक वाकत नाही. ते आता गल्ल्याशेजारी खुर्चीवर बसतात. गादीवरील त्यांची जागा आम्ही कोणी घेतलेली नाही.

अण्णांनी मला कधी दोष दिला नाही. एकदाच हसून म्हणाले, ‘तुझे निदान तुझ्या गुडघ्यापुरते बरोबर होते.’ आजच्या भाषणाचे सार या एका वाक्यात आहे.

म्हणून पहिली विनंती अशी. एखादा सांधा एकाएकी सुजला, गरम वा लाल झाला, सोबत ताप आला, किंवा त्या पायावर भार देववेना, तर एक दिवसही थांबू नये. रुग्णास मधुमेह असेल, सांधा कृत्रिम बसविलेला असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू असतील, तर घाई दुप्पट. अशा सांध्यास चोळू नये, शेकू नये.

दुसरी विनंती, सुईस भिऊ नये. काढलेले पाणी हाच सर्वांत विश्वसनीय साक्षीदार असतो. त्यातील पांढऱ्या पेशींची मोजणी, स्फटिकांचा शोध व जंतूंची तपासणी यांवरून निदान ठरते. क्ष-किरण, सोनोग्राफी, एमआरआय व रक्ततपासणी यांची त्यास जोड मिळते.

उपचार कारणानुरूप भिन्न असतात. मार लागला असेल तर विश्रांती, कापडात गुंडाळलेला बर्फ एका वेळी १५ ते २० मिनिटे, लवचीक पट्टी आणि पाय उशीवर उंच ठेवणे हे प्राथमिक उपाय. झिजेच्या विकारात मांडीच्या स्नायूंचा नित्य व्यायाम व वजन कमी करणे यांस पर्याय नाही. एक किलो वजन घटले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी कमी होतो, असे संशोधन आहे. माझे आठ किलो वजन उतरले. म्हणजे दर पावलास बत्तीस किलोंची बचत झाली. व्यापाऱ्यास याहून किफायतशीर सौदा मिळणे कठीण! सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन काही आठवडे आराम देते. परंतु जंतुसंसर्ग नाही याची खात्री करूनच ते देतात, आणि मधुमेहींची साखर त्याने काही दिवस वाढते. गाऊटमध्ये तात्पुरते दुखणे शमविणारे औषध निराळे आणि युरिक ॲसिड कायम आटोक्यात ठेवणारे निराळे. दुखणे थांबले म्हणून दुसरे बंद करू नये. संधिवातात मेथोट्रेक्सेट हे प्रमुख औषध आहे. ते आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतते. वेदनाशामक गोळ्या मनाने घेत राहिल्यास मूत्रपिंड व जठर यांस इजा होते. आणि पुडीत काय मिसळले आहे हे जो सांगत नाही, त्याची पुडी घेऊ नये.

आपल्या समाजापुरती एक सूचना. दीर्घ निराहार उपवासात रक्तातील युरिक ॲसिड वाढते व पाणी कमी पडल्यास गाऊट उसळू शकतो. व्रत सोडावे असे मी म्हणत नाही. मात्र ज्यांना गाऊट वा मधुमेह आहे, त्यांनी पर्वापूर्वी डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा. तसेच दोन्ही पावलांवर सूज असून बोटाने दाबल्यास खळगा पडत असेल, तर ते सांध्यातील पाणी नव्हे. त्याचे कारण हृदय, मूत्रपिंड, यकृत किंवा रक्तदाबाची एखादी गोळी यांत शोधावे लागते.

बंधू-भगिनींनो, आपल्याकडे दुखण्याची चौकशी करावयास येणारा प्रत्येक जण आपला अनुभव सांगून जातो. त्यामागील माया खरी असते. मीही अण्णांना जे सांगितले ते मायेपोटीच. परंतु एकाच्या खतावणीवरून दुसऱ्याचे खाते मिटविता येत नाही. यापुढे कोणाचा सांधा सुजलेला पाहाल, तेव्हा ‘मलाही असेच झाले होते’ असे म्हणण्याआधी ‘चला, मी सोबत येतो, दाखवून येऊ’ असे म्हणावे, एवढीच माझी प्रार्थना आहे.