देवळाचे आवार आणि गावची रानफुले

(जीर्णोद्धार समारंभात झालेल्या भाषणाचा मजकूर)



देवळाचा जीर्णोद्धार झाला म्हणजे शिखर रंगते, गाभारा उजळतो आणि बहुधा आवारात फरशी बसते. पायाला चिखल लागत नाही, ही सोय खरीच. परंतु भिंतीपासून भिंतीपर्यंत फरशी झाली की पूजेला लागणाऱ्या दूर्वा, आघाडा, तुळस उगवणार कोठे, हा प्रश्न मागाहून सुचतो. म्हणून कुंपणालगतची निदान चार हात रुंदीची माती मोकळी राखावी आणि तेथे याच भागातील रानफुले लावावीत, एवढाच या बोलण्याचा हेतू आहे.

कुरुंदवाड म्हणजे कृष्णा-पंचगंगेचा काठ, काळी कसदार जमीन, उसाचे मळे आणि कृष्णाकाठची वांगी. पूर्वी बांधावर तरवड, तुंबा, आघाडा, तेरडा न लावता उगवत. पुढे ऊस बांधाला टेकला, बांध निमुळता झाला आणि उरलेल्या गवतावर तणनाशक पडू लागले. फुले गेली, तशी त्यांच्यावर जगणारी माशीही दूर गेली. ऊस कांडी लावून होतो, त्याला माशीची गरज नाही. भोपळा, काकडी, दोडका यांचे तसे नाही. त्यांचे नर फूल वेगळे, मादी फूल वेगळे. चिकट पराग माशीने नेला तरच फळ धरते, नाहीतर कोवळे फळ पिवळे पडून गळते. मधमाशीचे नाव सातबाऱ्यावर नाही, पण पिकात तिचा वाटा आहे.

वांग्याच्या फुलात पराग बारीक छिद्रातून बाहेर येतो. वाऱ्याने काही काम होते. पण काळा भुंगा फुलाला बिलगून गुणगुणला की त्या कंपाने पराग भरपूर सांडतो आणि फळ चांगले धरते. तरवडाच्या पिवळ्या फुलाची रचनाही अशीच असते. म्हणजे वांगी नसतील तेव्हा या भुंग्याला तरवड सांभाळतो.

आता निवड कशी करावी? पहिली कसोटी मूळ ठिकाणाची. झेंडू मेक्सिकोकडचा, देवचाफा मध्य अमेरिकेचा, सदाफुली मादागास्करची. देवाला ही फुले वाहण्यास कोणाची हरकत नाही. पण येथील माशी आणि येथील रानफूल यांची ओळख फार जुनी आहे. तेरडासुद्धा रानातला, एकेरी पाकळ्यांचा घ्यावा. बागेतल्या भरगच्च तेरड्यात केसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. डोळ्याला शोभा, माशीला उपवास.

दुसरी कसोटी बारा महिन्यांची. तेरड्याचा रंग तीन दिवस, हे खरे. म्हणून एकाच फुलावर विसंबू नये. पावसाळ्यात गौरीच्या सणाला तेरडा, त्यामागून आघाडा आणि शंकराला प्रिय असा पांढरा तुंबा, हिवाळ्यात कोरांटी, उन्हाळ्यात कडुनिंब व करंज, आणि मारुतीची रुई जवळजवळ वर्षभर. तुळशीच्या सगळ्या मंजिऱ्या खुडू नयेत, काही माशांसाठी राखाव्यात.

तिसरी कसोटी पाण्याची. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर येथे कोणी विसरलेले नाही. सखल बाजूला निर्गुडी, करंज, उंबर ही नदीकाठची झाडे असावीत. कोरांटी, तरवड उंचवट्यावर. कास पठार २०१२ साली जागतिक वारशात गेले, म्हणून तिथली रोपे उपटून आणण्याचा मोह होतो. तो टाळावा. कातळावरच्या पातळ मातीतले फूल काळ्या रानात जगत नाही, आणि तेथे मात्र ते कमी होते.

बी आपल्याच शिवारातील बांधावरून, पिकल्यावर थोडे थोडे गोळा करावे आणि मृगाच्या पावसावर टाकावे. औषध फवारू नये. रुईची पाने अळ्यांनी खाल्ली तर खाऊ द्यावीत, त्यांचीच फुलपाखरे होतात. रुईचा चीक डोळ्याला घातक, म्हणून ती मुलांच्या वाटेपासून दूर लावावी. थोडी माती उघडीच ठेवावी, कारण कित्येक माश्या जमिनीत बीळ करून राहतात. शिखराखाली आग्या मोहोळ बसले तर धूर, जाळ करू नये, जाणकाराला बोलवावे.

शेवटी, शेजारच्या नृसिंहवाडीमुळे या भागात घरोघरी पूज्य असलेल्या औदुंबराकडे पाहावे. उंबराचे फूल कोणाला दिसत नाही, कारण ते फळाच्या आत असते. चिलटाएवढी एक गांधीलमाशी बारीक भोकातून आत शिरते, परागकण पोचवते, तेथेच अंडी घालते. तिची पिल्ले मोठी होऊन परागासह पुढच्या उंबराकडे जातात. ती माशी नसेल तर उंबराला बी नाही आणि उंबर नसेल तर ती माशी नाही.

भाविक ज्या झाडाला प्रदक्षिणा घालतात, त्याचा वंश एका चिलटावर चालतो. देवळाच्या नव्या आवारात अशा जिवांसाठी चार हात माती सुटली, तर जीर्णोद्धार पूर्ण झाला असे म्हणता येईल. फरशीचे काम अद्याप कुंपणापर्यंत गेलेले नाही. तोवरच हा विचार व्हावा, ही सर्वांना नम्र विनंती.