विश्वाचा आरंभ : विज्ञानाची पोच किती?

(मंदिर-जीर्णोद्धारानिमित्त रबाळे येथील व्याख्यानाचा मजकूर)



रबाळ्याच्या वाडवडिलांनी खाडीत जाळे टाकले ते तिथी पाहून. अमावास्या-पौर्णिमेला उधाण येते, अष्टमीच्या सुमारास भांग असते, हे ज्ञान त्यांना अनुभवाने मिळाले. पुढे विज्ञानाने सांगितले की, ही चंद्र-सूर्याच्या गुरुत्वाकर्षणाची ओढ आहे. एक प्रश्न सुटला; पण गुरुत्वाकर्षण तरी कोठून आले, हा दुसरा प्रश्न पाठोपाठ उभा राहिला. विश्वाच्या आरंभाची कथा अशीच आहे.

1929 साली एडविन हबल यांनी दाखविले की, दीर्घिका जितकी दूर तितकी ती अधिक वेगाने दूर जाते. म्हणजे विश्व प्रसरण पावत आहे. उलट मागे जावे, तर एके काळी ते अतिशय दाट व तप्त असले पाहिजे. हाच महास्फोटाचा सिद्धांत. आजच्या मोजणीप्रमाणे त्याला सुमारे 1380 कोटी वर्षे झाली.

हे उत्तर सर्वांनी निमूटपणे मान्य केले काय? नाही. शंका घेणाऱ्यांत एक नाव मराठी होते. डॉ. जयंत विष्णु नारळीकर यांचा जन्म 1938 साली कोल्हापुरात झाला. केंब्रिज येथे ते फ्रेड हॉईल यांचे विद्यार्थी होते. विश्वाला आरंभ नाही आणि अंतही नाही, अशा अर्थाचा स्थिर-स्थिती सिद्धांत 1948 साली मांडणाऱ्यांत हॉईल होते. गुरु-शिष्यांनी 1964 साली गुरुत्वाकर्षणाची नवी उपपत्ती दिली.

परंतु 1965 साली पेन्झियास व विल्सन यांचा शोध प्रसिद्ध झाला. आकाशाच्या सर्व दिशांनी एक मंद प्रारण येत होते. त्याचे तापमान शून्याखाली सुमारे 270 अंश सेल्सिअस. आरंभीच्या उष्णतेची ही उरलेली धग, असा त्याचा अर्थ लावण्यात आला आणि बहुसंख्य शास्त्रज्ञ महास्फोटाकडे वळले. नारळीकरांनी मात्र शंका सोडली नाही. 1993 साली हॉईल व बर्बिज यांच्यासह त्यांनी आपला सिद्धांत सुधारून पुन्हा मांडला. तोही बहुतेकांना पटला नाही. तरी त्यांचा मान तिळभर कमी झाला नाही. पुण्यात 1988 साली स्थापन झालेल्या 'आयुका' संस्थेचे ते संस्थापक-संचालक. 20 मे 2025 रोजी त्यांचे निधन झाले.

विज्ञानात नाव मोठे म्हणून मत टिकत नाही, पुराव्याने टिकते. विजयी ठरलेल्या सिद्धांतालाही हाच नियम. अगदी पहिल्या क्षणाशी पोचताच आज ज्ञात असलेली समीकरणे थांबतात. उद्या तेथील गणित सुटेलही. पण निसर्गाचे नियम हेच का, हा प्रश्न तरीही उरेल. म्हणून विज्ञानाचे उत्तर सतत वाढत जाईल. ते संपूर्ण होईलच, अशी ग्वाही कोणी देऊ शकत नाही.

श्रोतेहो, यात श्रद्धेने आनंदून जाण्याचे कारण नाही. जेथे विज्ञान थांबले तेथे देव बसवला, तर विज्ञान पुढे सरकताच देवाला जागा सोडावी लागेल! ऋग्वेदातील नासदीय सूक्तानेही उत्पत्तीविषयी ठाम निवाडा दिलेला नाही; त्याचा शेवट प्रश्नातच होतो. प्रश्न विचारणे हा अधर्म नव्हे, हे त्या ऋषींनी केव्हाच दाखवून दिले.

जीर्णोद्धारात खिळखिळे झालेले दगड काढतात, नवे बसवितात; म्हणून गाव देवाला सोडत नाही. विज्ञान आपल्या ज्ञानाचा असाच जीर्णोद्धार नित्य करीत असते. तेव्हा या मंदिराच्या पायरीवर बसून एखाद्या नातवाने विचारले, "आजोबा, सगळ्याच्या आधी काय होते?", तर त्याला गप्प बसवू नये. जे कळले ते सांगावे. जे कळले नाही ते "ठाऊक नाही" असे मोकळेपणी सांगावे. एवढी सद्बुद्धी ग्रामदेवतेने सर्वांस द्यावी, हीच प्रार्थना.