ताटी लावण्याचा अर्धा तास

(आळंदी येथील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मला या मेळाव्यात बोलायला सांगितलं तेव्हा मी विषय कळवला : मोबाईलवर आणि संगणकावर छंद म्हणून चित्रं काढणं. बोलावणाऱ्या ताई जरा गप्प झाल्या. मग म्हणाल्या, ‘‘मारहाण, रेशन, कंत्राटी बायकांचे पगार, एवढं सगळं पडलंय, त्यात हे चित्रांचं काय?’’ त्यांचं चुकलं नाही. तरी मी विषय बदलला नाही. कारण हाही हक्काचाच प्रश्न आहे असं मला वाटतं.

आळंदीत आहोत, तर सुरुवात इथूनच करू. ताटीची गोष्ट आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. लोकांच्या वागण्यानं दुखावलेले ज्ञानेश्वर झोपडीची ताटी लावून आत बसले. धाकटी मुक्ताई बाहेर उभी राहिली आणि तिनं त्यांची समजूत काढली. ताटीचे अभंग आजही म्हटले जातात. मुक्ताईचा अधिकार मोठाच. पण माझ्या मनात एक प्रश्न येतो. दुखावलेल्या भावाला लावायला ताटी होती. मुक्ताईलाच कधी वाटलं असतं, की आपण दार लावून जरा एकटं बसावं, तर? तिच्या घराचं मला सांगता येणार नाही. आपल्या घरांचं सांगता येईल. आपण दार लावलं की पाचव्या मिनिटाला कडी वाजते. कुणाला चहा हवा असतो, कुणाला मोजे सापडत नसतात.

आपल्यातल्या कितीजणी भोसरी-चाकणच्या कंपन्यांत पाळी करून येतात, कितीजणी इथल्या मंगल कार्यालयांत पोळ्या लाटतात. घरी आल्यावर दुसरी पाळी सुरू होते. सरकारनं २०२४ साली लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात. घरकामात हात घालणारे पुरुष देतात ८८ मिनिटं. यात ‘स्वतःचा वेळ’ कुठे बसवायचा?

एके काळी बाईला पहाटेची एक जागा होती, ती म्हणजे जातं. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. सासर, माहेर, नवऱ्याचा जाच, लेकीची माया, जे चारचौघांत बोलता येत नव्हतं ते सगळं त्यांत आहे. मी जात्याचे गोडवे गात नाही. ते हाडं मोडणारं काम होतं, दळण गिरणीवर गेलं ते चांगलंच झालं. पण त्याबरोबर मन मोकळं करायची जागाही गेली. तिच्या बदल्यात आपल्याला काय मिळालं?

मला जे मिळालं ते सांगते. माझ्या आईच्या शेवटच्या आजारपणात रात्री मीच तिच्याजवळ असायचे. झोप लागायची नाही, वाचायला दिवा लावता यायचा नाही. घरात एक जुना संगणक होता, त्यात ‘पेंट’ होतं. आपल्यातल्या अनेकींनी संगणकाच्या वर्गात पहिल्या दिवशी ते उघडलं असेल, आणि पुन्हा कधी उघडलं नसेल. मी एक गोल काढला आणि त्यात निळा रंग ओतला. रेघेत कुठे तरी फट राहिली होती. रंग बाहेर फुटला आणि सगळं पान निळं झालं. माझ्या पोटात धस्स झालं. काही सांडलं की बोलणी खायची सवय ना! पण एक बटण दाबलं आणि पान पुन्हा होतं तसं झालं. फट शोधली, बुजवली, परत रंग ओतला. कुणी काही बोललं नाही. चूक करून ती निवांत दुरुस्त करता येते, असं माझ्या आयुष्यात फार थोड्या ठिकाणी झालं होतं.

त्यानंतर रोज रात्री अर्धा तास मी बसायला लागले. यात शिकायला अवघड काही नाही. पडद्यावरचं चित्र मोठं करून पाहिलं तर बारीक बारीक चौकटी दिसतात. मॅटीच्या कापडावर मोजून टाके घालतो, ठिपके मोजून रांगोळी काढतो, त्याच जातीचं हे काम. आपल्या हातांना ते ओळखीचं आहे. शिवाय रंग विकत आणावे लागत नाहीत, वास येत नाही, पसारा आवरावा लागत नाही. दहा बाय दहाच्या खोलीत कोपरा पुरतो. दूध उतू चाललं तर चित्र तसंच ठेवून उठता येतं. मोबाईलवर बोटानंही काढता येतं. संगणकासाठी ‘क्रिटा’सारखी साधनं फुकट मिळतात.

स्पेनमधल्या व्हॅलेन्शियाच्या कोंचा गार्सिया साएरा या आजींची गोष्ट अशीच आहे. नवऱ्याच्या आजारपणामुळे त्या घरात अडकल्या होत्या. घरात तैलरंग वापरणं जमेना, म्हणून त्या ‘पेंट’वर माऊसनं चित्रं काढायला लागल्या. २०१८ साली, नव्वदीला टेकलेल्या असताना, त्यांची चित्रं जगभर पोचली. पण त्याआधी कितीतरी वर्षं त्या स्वतःसाठीच काढत होत्या.

यानं मन हलकं होतं ही निव्वळ माझी समजूत नाही. अमेरिकेतल्या संशोधक गिरिजा कैमल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली ३९ प्रौढांना पाऊण तास चित्रं, चिकटकाम, मातीकाम करू दिलं. त्यांतल्या सुमारे तीन चतुर्थांश लोकांच्या शरीरातलं ताणाचं संप्रेरक कमी झालेलं आढळलं. कलेचा अनुभव असो वा नसो, त्यानं फरक पडला नाही. तो प्रयोग रंगाचे पेन आणि मातीवर होता, पडद्यावर नव्हता, हेही सांगायला हवं. पण ‘मला कुठे चित्र येतं’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकीनं तो लक्षात ठेवावा.

आता तीन गोष्टी सावधगिरीच्या.

पहिली : छंद म्हणजे सहन करायचं औषध नव्हे. घरात मारहाण होत असेल तर चित्र काढून ती थांबत नाही. त्यासाठी २००५ चा कायदा आहे, १८१ क्रमांक आहे, आपली संघटना आहे. मन फार काळ काळवंडलेलं राहत असेल तर १४४१६ या सरकारी क्रमांकावर मोफत बोलता येतं.

दुसरी : साधन कुणाच्या हातात आहे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार स्वतः वापरता येईल असा मोबाईल देशातल्या सुमारे ५४ टक्के बायकांकडेच होता. ज्यांच्याकडे आहे त्यांचाही तो घरात तपासला जातो. म्हणून बाईचा मोबाईल आणि त्याचा पासवर्ड हा चैनीचा विषय नाही.

तिसरी : चित्र बरं जमलं की लोक लगेच म्हणतात, ‘‘विक की, क्लास काढ.’’ जिला गरज आहे तिनं जरूर विकावं. पण बाईचा प्रत्येक रिकामा क्षण कमाईला जुंपलाच पाहिजे, हे कुणी ठरवलं? चळवळीत आपण रात्ररात्र पोस्टरं रंगवली. ते काम होतं, आनंदाचंही होतं, पण काम होतं. ज्याचा कुणालाच उपयोग नाही असं काही करण्याचाही बाईला हक्क आहे.

जाता जाता माझ्या एका चित्राबद्दल सांगते. मी इंद्रायणीचा घाट काढत होते. पायऱ्या झाल्या, देवळाचा कळस झाला. पाण्याशी येऊन थांबले. हल्ली कितीदा नदीवर पांढरा फेस तरंगताना आपण बघतो, कारखान्यांच्या आणि शहरांच्या सांडपाण्याचा. तो काढायचा की नाही? आधी लहानपणची निळी नदी काढली. दुसऱ्या दिवशी फेसाची काढली. दोन्ही ठेवल्या. ती दोन चित्रं शेजारी शेजारी बघताना मला रडू आलं, आणि रडून झाल्यावर बरं वाटलं. आईसाठीचं रडू होतं की नदीसाठीचं, ते अजून कळलेलं नाही.

तेव्हा माझी सूचना एवढीच. बचत गटाच्या महिन्याच्या बैठकीत हिशेब झाला की अर्धा तास प्रत्येकीनं मोबाईलवर एक चित्र काढावं. जिच्याकडे मोबाईल नाही तिला शेजारणीनं आपला द्यावा. चित्र दाखवायची सक्ती नको, नंबर काढायचे नाहीत. आणि घरी सांगून ठेवा, हा अर्धा तास माझी ताटी लावलेली आहे. चहा तुम्ही करून घ्या. जमल्यास माझाही ठेवा.