मज्जारज्जूचा आजार आणि पैशाची गोष्ट



आज पशुवैद्यक झालेल्या तुमच्याशी मी एकाच विषयावर बोलणार आहे: कुत्र्यांच्या मेंदूच्या आणि मज्जारज्जूच्या आजारांवरचं संशोधन, आणि त्याला लागणारा पैसा. पदवीदानाच्या समारंभात पैशाबद्दल बोलणं कुणाला खटकेल. पण लवकरच तुमच्या टेबलापुढे जो रुग्ण येणार आहे, त्याचं पुढे काय होणार हे बरंचसं या पैशावर ठरतं.

नऊ-दहा वर्षांचा जर्मन शेफर्ड. घरचे सांगतात, "डॉक्टर, मागचे पाय ओढतोय, वय झालं असेल." तुम्ही त्याला अंगणात चालवून बघता. मागच्या पायांची मधली नखं रस्त्यावर घासून झिजलेली आहेत. त्याला उभं करून तुम्ही मागचा पंजा उलटा टेकवता. धडधाकट कुत्रा तो पटकन सरळ करतो. हा तसाच उभा राहतो. आपला पाय कसा पडलाय हे त्याला कळतच नाही. दुखत मात्र काही नाही. कंबर दाबली तरी शेपटी हलवत तुमचा हात चाटतो. एमआरआयमध्ये मणक्याची गादी सरकलेली नसेल, गाठ नसेल, तर संशय डिजनरेटिव्ह मायलोपथीचा. खात्रीचं निदान मात्र तो गेल्यावर, मज्जारज्जूचा काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तरच.

या आजाराचं पहिलं वर्णन १९७३ साली अमेरिकेत झालं. त्यामागचं जनुक हाती लागायला २००९ साल उजाडलं. कुत्र्याचा संपूर्ण जनुकीय आराखडा २००५ मध्ये प्रसिद्ध झाला, तो टाशा नावाच्या बॉक्सर कुत्रीचा होता. त्यामुळे वाट सोपी झाली. मग मिसुरी विद्यापीठ आणि ब्रॉड इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी आजारी आणि निरोगी पेम्ब्रोक वेल्श कॉर्गींची तुलना करून एसओडी१ जनुकातला बदल शोधला. माणसाला जखडून टाकणाऱ्या एएलएस या आजारात काही कुटुंबांत हेच जनुक बिघडलेलं असतं, हे १९९३ मध्येच कळलं होतं.

यातली जी गोष्ट शोधनिबंधांत एखाद्या ओळीत उरकली जाते, तिच्यापाशी मी थांबतो. या जातींची कुत्री पाळणाऱ्यांनी आपापल्या क्लबांमधून वर्गणी काढली. मॉरिस अॅनिमल फाउंडेशन १९४८ पासून आणि अमेरिकन केनेल क्लबचं कॅनाइन हेल्थ फाउंडेशन १९९५ पासून अशा कामांना अनुदान देत आलं आहे. त्यातला मोठा वाटा देणग्यांचा. पण वर्गणीहून अवघड देणं वेगळंच होतं. लेकरासारखं वाढवलेलं जनावर गेल्यावर, डोळ्यांत पाणी असताना, त्या लोकांनी शवविच्छेदनाच्या कागदावर सही केली. ती सही मिळाली नसती, तर कितीही पैसा ओतून हे जनुक सापडलं नसतं.

कुत्र्यांवरचं असं काम माणसाच्याही उपयोगी पडतं. आनंदाने उडी मारता मारता कोसळून पडणाऱ्या डॉबरमनांचंच बघा. स्टॅनफर्डमध्ये त्यांचा अनेक वर्षं अभ्यास झाला, १९९९ मध्ये त्यांच्यातला जनुकीय दोष सापडला आणि माणसाच्या नार्कोलेप्सीचं कोडं सुटायला लागलं. लहान मुलांचा मेंदू झिजवणाऱ्या सीएलएन२ या आजारावर अमेरिकेत २०१७ मध्ये मंजूर झालेलं औषध आधी डॅक्सहुंड कुत्र्यांवर तपासलेलं होतं. ही उदाहरणं निधी मागताना जरूर द्या. तरीही माणसाला उपयोग होतो म्हणून कुत्र्यावर खर्च करा, हा युक्तिवाद मला अपुरा वाटतो. कुत्र्याचं दुःख त्याच्यापुरतंही खरं आहे.

आपल्याकडे पशुसंशोधनाचा पैसा गाय, म्हैस, शेळी, कोंबडी यांच्याकडे जातो. शेतकऱ्याचं पोट त्यावर आहे, तेव्हा त्याबद्दल तक्रार नाही. पण कुत्रा दूध देत नाही, म्हणून त्याचा मज्जारज्जू कुणाच्याच अंदाजपत्रकात बसत नाही. आणि आपणही मदत करत नाही. लडखडणारं प्रत्येक कुत्रं केसपेपरवर 'पॅरालिसिस' किंवा 'डिस्टेंपर?' एवढ्या एका शब्दात संपतं. ज्या आजाराची नोंदच नाही, त्याच्यासाठी पैसा मागायचा तरी कोणत्या आधारावर?

मार्ग आहेत. २०१३च्या कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत प्राणीकल्याणाचा उल्लेख आहे. सीएसआरच्या निधीसाठी त्या दाराने जाता येईल. वंशावळीची नोंदणी करणाऱ्या केनेल क्लबांनी दर नोंदणीमागे थोडी रक्कम संशोधनासाठी बाजूला काढावी, असा आग्रह तुम्ही धरा. लोकवर्गणीचा मार्गही आहेच: पाश्चरच्या रेबीजवरील कामानंतर पॅरिसची पाश्चर इन्स्टिट्यूट १८८८ मध्ये उभी राहिली, ती लोकवर्गणीतूनच. रेबीज हाही कुत्र्याच्या मेंदूचाच आजार, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार त्याच्या जगातल्या बळींपैकी एक तृतीयांशाहून अधिक भारतातले.

माझी तुमच्याकडून अपेक्षा अगदी साधी आहे. केसपेपरवर जात, वय, चाल आणि उलट्या पंजाची चाचणी लिहा. मालकाची संमती घेऊन ईडीटीएच्या नळीत दोन-तीन मिलिलिटर रक्त जपून ठेवा. कुत्रं गेल्यावर शवविच्छेदनाची गोष्ट काढायला संकोच वाटेल, तरी काढा, हळुवारपणे काढा. लातूर, नांदेडकडे जाल तेव्हा कारवानी कुत्र्यांचे नमुनेही घ्या. आपल्या मातीतल्या कुत्र्यांच्या मज्जातंतूंकडे आपणच बघायचं आहे. आणि कुलगुरू महोदय, हे नमुने ठेवायला विद्यापीठाने एक डीप फ्रीझर आणि देणगीसाठी एक स्वतंत्र खातं याच वर्षी सुरू करावं, अशी जाहीर विनंती मी या व्यासपीठावरून करतो. त्या खात्यातली पहिली देणगी माझी असेल.