टोपीवरचा बिल्ला आणि खांद्यावरचा आकडा



कोकणातून, साताऱ्याकडून, नगरकडून येऊन मानपाड्याच्या आसपास वसलेली कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांतल्या काही घरांत ट्रंकेच्या तळाशी आजोबा-पणजोबांचा एखादा पितळी बिल्ला असतो. ते 'लढाईत होते' एवढेच घरी ठाऊक असते. कोणत्या लढाईत, कोणत्या पलटणीत, हे सांगणारे माणूस गेलेले असते. मग साक्षीदार काय तो बिल्लाच. त्याला प्रश्न मात्र नीट विचारावे लागतात.

पहिला प्रश्न मुकुटाचा. मुकुटाच्या कमानी मध्यभागी दबलेल्या असल्या, तर नमुना व्हिक्टोरिया राणीच्या काळचा. त्या घुमटासारख्या फुगलेल्या असल्या, तर १९०१ नंतरचा, राजांच्या अमदानीतला. मुकुटाच्या जागी सारनाथचे सिंह आले, ते प्रजासत्ताकाबरोबर, १९५० साली. १५ ऑगस्ट १९४७ ला ध्वज बदलला, पण टोपीवरचा मुकुट त्या दिवशी उतरला नाही. तेव्हा मुकुट दिसताच 'इंग्रजांच्या वेळचा' म्हणून मोकळे होऊ नये.

दुसरा प्रश्न आकड्याचा, आणि खरी गंमत मला येथेच वाटते. १९०३ मध्ये लॉर्ड किचनेर यांच्या कारकिर्दीत हिंदी पलटणींना नवे क्रमांक मिळाले. मराठा पलटणींचे क्रमांक १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७. १९२२ मध्ये या साऱ्या एकत्र करून 'पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री' झाली. १०३ ची पहिली बटालियन झाली, १०५ ची दुसरी, ११० ची तिसरी. म्हणजे खांद्याच्या पितळेत ११० दिसला, तर नमुना १९०३ ते १९२२ मधला. कूत-अल-अमाराच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ ला तेथील सैन्य तुर्कांच्या हाती पडले आणि कैदेत कितीतरी जण दगावले. एवढ्याशा आकड्यामागे हे असू शकते! पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर तो 'पाच'ही गेला. इंग्रजी अक्षरे पाहा: 'एम-ए' नंतर लगेच 'एच' आणि पुढे दोन 'टी' असल्या, तर लेखन जुने.

१११ हा आकडा मिळाला तर तो जपाच. १११ वी महार पलटण १९१७ मध्ये उभारली आणि १९२१ मध्ये मोडली. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या पलटणी भरल्या, त्याला लष्कराचे दार पुन्हा बंद झाले. बाबासाहेबांसारख्यांनी ते ठोठावीत ठेवले आणि १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. तिच्या आरंभीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. पुढे मशीनगन आल्या आणि नंतर स्तंभाच्या जागी खंजीर आला. स्तंभ असलेला बिल्ला म्हणूनच पहिल्या वर्षांतला समजावा.

मागची बाजूही पाहावी. ठशाने दाबलेल्या बिल्ल्याच्या पाठीवर पुढल्या चित्राचा खळगा उमटतो. ओतीव बिल्ल्याची पाठ खरबरीत असते. ओतीव म्हणजे नकली, असे व्यापारी सांगतात. पण युद्धकाळात आपल्याकडे ओतीव बिल्लेही वापरात होते. शिवाय, जुना साठा संपेपर्यंत वापरला जाई. म्हणून बिल्ला 'अमुक सालाच्या आधीचा नव्हे' एवढे खात्रीने सांगतो. 'अमुक सालचाच' असे सांगत नाही.

सापडल्या जागेवरूनही पलटण ठरवू नये. आपल्या शेजारचे उल्हासनगर वसले ते कल्याणच्या युद्धकालीन लष्करी छावणीवर. 'कॅम्प नंबर चार' हे तेथले पत्ते त्याचीच आठवण. येणाऱ्या-जाणाऱ्या फौजांचा तो मुक्काम. तेथल्या मातीत कोणाचे बटण निघेल, याचा नेम नाही.

चिंच आणि राख घेऊन बिल्ला घासू नका; घासून घासून अक्षरेच जातात. आणि त्याच डब्यात पदक असेल, तर आधी ते हातात घ्या. पहिल्या महायुद्धाच्या चांदीच्या पदकाच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण असते. दुसऱ्या महायुद्धाच्या हिंदी शिपायांना दिलेल्या ताऱ्यांवरही पाठीमागे नाव कोरलेले असे. इंग्रज शिपायांच्या ताऱ्यांवर ते नसे. भिंग घ्या, कड उजेडाकडे धरा आणि ते नाव वहीत उतरून ठेवा. मराठा पलटणीचे असेल तर तो क्रमांक घेऊन बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला पत्र घालता येते, महार रेजिमेंटचे असेल तर मध्य प्रदेशातील सागरला.